भट्टीत गोठलेली दिशा

भिलाई इस्पात कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये दगडी कोळशाचा कोक होत असताना, तापमान साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यापासून ५०० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत, असा एक अल्प काळ येतो की ज्यात कोळसा धड घनही राहत नाही आणि साधा द्रवही होत नाही. त्या काळात त्याच्या वितळलेल्या भागात द्रवस्फटिक अवस्था तयार होते, म्हणजे द्रवाप्रमाणे वाहणारी, परंतु स्फटिकाप्रमाणे आपल्या रेणूंना एका दिशेने मांडून ठेवणारी अवस्था. घड्याळाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यात द्रवस्फटिक असतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण लोखंड वितळवण्यासाठी जो काळा, सच्छिद्र, हाताला खरखरीत लागणारा कोक वापरतात, तोही आपल्या घडणीत याच अवस्थेतून गेलेला असतो आणि त्या वेळी रेणूंच्या मांडणीत राहून गेलेले दिशादोष त्याच्यात कायमचे गोठलेले असतात, ही गोष्ट कार्बनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचलेली नाही. त्या दोषांचे स्वरूप काय, ते कोठून येतात आणि भिलाईसारख्या कारखान्याला ते किती हवेत व किती नकोत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत होता, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशा क्रमाने जाणाऱ्या लोहमार्गावर हे शहर वसलेले असल्यामुळे पूर्व विदर्भातील माणसाला ते परके वाटत नाही. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि हिर्रीचा डोलोमाइट अशी जवळजवळ सारी सामग्री कारखान्याला आसपासच्या मुलखातून मिळते. मिळत नाही ती एकच वस्तू, ती म्हणजे कोक करण्याजोगा कोळसा. छत्तीसगडात कोळसा नाही असे नव्हे. कोरब्याच्या खाणींवर मोठमोठी वीजकेंद्रे चालतात. तथापि कोरब्याचा कोळसा तापवला असता तो मऊ होऊन वितळत नाही, नुसता जळतो किंवा भुकटीच्या रूपात उरतो. म्हणून भिलाईच्या ओव्हनसाठी कोळसा झरियाच्या परिसरातून आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर परदेशातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियातून, आणावा लागतो. एक कोळसा वितळतो आणि दुसरा वितळत नाही, या भेदाचे उत्तर शोधू लागले की अभ्यासकाला द्रवस्फटिकाच्या दारापर्यंत जावेच लागते.

द्रवस्फटिकाचा शोध कोळशात लागला नाही. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना १८८८ साली कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकाएकी नितळ होतो, असे दिसून आले. एकाच पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू असावेत हे कोडे त्यांनी जर्मन भौतिकीविद ओटो लेहमान यांच्यापुढे ठेवले, आणि तापवता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली लेहमान यांनी त्या गढूळ द्रवात स्फटिकाचे प्रकाशीय गुण पाहिले. पुढे १९२२ साली फ्रान्समधील जॉर्ज फ्रीडेल यांनी या अवस्थांचे वर्गीकरण केले. त्यांतील सर्वांत साध्या अवस्थेला त्यांनी नेमॅटिक म्हटले. या अवस्थेत रेणूंच्या जागा द्रवातल्याप्रमाणे अस्ताव्यस्त असतात, मात्र त्यांचे अक्ष एकमेकांना जवळपास समांतर राहतात. या समाईक दिशेला निर्देशक असे म्हणतात. निर्देशकाला टोक आणि शेपूट असा भेद नसतो, म्हणजे रेणू उलटा फिरवला तरी मांडणी तीच राहते. हा तपशील वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण पुढे येणाऱ्या अर्ध्या दोषांचे रहस्य त्यातच आहे.

निर्देशकाची दिशा जागोजाग हळूहळू बदलू शकते, आणि असा बदल सावकाश होत असेल तर त्यात दोष काही नाही. परंतु काही ठिकाणी अशी परिस्थिती येते की एका रेषेभोवती फिरत गेल्यास दिशाही वळत जाते आणि खुद्द त्या रेषेवर कोणती दिशा मानावी हे ठरवताच येत नाही. या रेषेला डिस्क्लिनेशन, म्हणजेच दिशादोष, म्हणतात. ब्रिस्टल विद्यापीठातील फ्रेडरिक चार्ल्स फ्रँक यांनी १९५८ साली या दोषांची गणिती मांडणी सुबकपणे केली. दोषाभोवती एक पूर्ण फेरी मारली असता निर्देशक किती फिरतो, यावर त्याचे बळ ठरते: तो त्याच दिशेने पूर्ण ३६० अंश फिरला तर बळ धन एक, आणि १८० अंशच फिरला तर धन अर्धा, फिरणे फेरीच्या उलट दिशेने झाले तर तेच बळ ऋण. बाणाला टोक असते म्हणून बाणांच्या मांडणीत अर्धे वळण खपत नाही. निर्देशकाला टोक नसल्यामुळे नेमॅटिकमध्ये ते खपते. स्वतःच्या बोटाचा ठसा शाईने कागदावर उमटवून पाहिला तर ही दोन्ही रूपे कोणालाही ओळखता येतील, कारण ठशातील रेषा ज्या ठिकाणी इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वळून माघारी जातात तो धन अर्धा दोष असतो, आणि ज्या ठिकाणी तीन बाजूंनी आलेल्या रेषा वाय अक्षराप्रमाणे एकमेकींना भिडतात तो ऋण अर्धा.

दोषाभोवती दिशा वाकलेली असते आणि वाकण्याला ऊर्जा लागते. ही ऊर्जा बळाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे बळ एकचा दोष दोन अर्ध्या दोषांत फुटणे सहसा फायद्याचे ठरते. समान चिन्हांचे दोष एकमेकांना दूर लोटतात, विरुद्ध चिन्हांचे एकमेकांकडे सरकतात आणि गाठ पडली की दोघेही नाहीसे होऊन मागे सरळ मांडणी उरते. तात्पर्य, द्रवस्फटिकाला पुरेसा वेळ आणि पुरेसा पातळपणा मिळाला तर तो आपले दोष आपणच निस्तरतो. भिलाईच्या ओव्हनमध्ये नेमक्या याच दोन गोष्टींची वानवा असते.

येथवर ज्या द्रवस्फटिकांचा उल्लेख झाला त्यांचे रेणू काडीसारखे लांबट होते. कोळशातून व डांबरातून तयार होणारे रेणू मात्र तसे नसतात. बेंझिनची षट्कोनी कडी एकमेकांना चिकटत गेल्याने ते सपाट, चकतीसारखे होतात. चकत्यांचे रेणूही द्रवस्फटिक होऊ शकतात, हे शुद्ध सेंद्रिय संयुगांच्या बाबतीत प्रथम दाखवून दिले ते बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी. १९७७ साली ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकात त्यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांची संयुगे म्हणजे बेंझिनच्या कड्याला सहाही बाजूंनी लांब शेपट्या जोडलेले रेणू होते आणि त्यांच्या चकत्या एकावर एक रचून स्तंभ होत असत. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे आणि ध्रुवित प्रकाशावरील कामासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या पंचरत्नम यांचे बंधू होत, त्यांचे एम.एस्सी.पर्यंतचे शिक्षण मात्र नागपूर विद्यापीठात झाले होते, आणि याची आठवण नागपुरात जितकी ठेवली जायला हवी तितकी ठेवली जात नाही, असे म्हणणे भाग आहे.

कार्बनशास्त्रज्ञांच्या हाती चकत्यांचा द्रवस्फटिक त्याहीपूर्वी आला होता, फक्त त्याचे स्वरूप इतके नीटनेटके नव्हते. ऑस्ट्रेलियातील ब्रुक्स आणि टेलर यांनी १९६५ साली असे प्रसिद्ध केले की डांबराचा घट्ट अवशेष, ज्याला पिच म्हणतात, तो ४०० अंशांच्या वर तापवत ठेवला असता त्याच्या एकसारख्या द्रवात सूक्ष्म गोलक प्रकट होतात, ते वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि शेवटी सारा द्रव त्यांनीच व्यापला जातो. टेलर यांना अशा गोलकांचा पहिला सुगावा लागला होता तो प्रयोगशाळेत नव्हे, तर तप्त शिलारसाच्या सान्निध्याने जमिनीतच भाजून निघालेल्या कोळशाच्या थरात. या अवस्थेला मेसोफेज, म्हणजे मध्यावस्था, असे नाव रूढ आहे.

ब्रुक्स-टेलर गोलकाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्याच्या आत चकत्यांचे थर विषुववृत्ताच्या प्रतलाला समांतर, एकावर एक असे असतात. परंतु गोलकाच्या पृष्ठभागाजवळ येताच ते वाकतात आणि पृष्ठभागाला काटकोनात भेटतात, जणू प्रत्येक चकती आपली कड बाहेर ठेवू पाहते. चकतीला लंब असलेली दिशा म्हणजे येथील निर्देशक, आणि तो त्यामुळे पृष्ठभागाला सर्वत्र समांतर राहतो. गोलाच्या पृष्ठभागावर अशी दिशा कोठेही खंड न पडता मांडता येत नाही, तिच्यातील दोषांच्या बळांची बेरीज दोन यावीच लागते, असा गणिताचा एक प्रसिद्ध सिद्धांत आहे. ब्रुक्स-टेलर गोलक तो निमूटपणे पाळतो: त्याच्या दोन ध्रुवांवर धन एक बळाचा एकेक दोष असतो. म्हणजे गोलक जन्मतो तोच दोन दोष घेऊन. कोणाच्या हलगर्जीपणाने ते आलेले नसतात. पुढे दोन गोलक एकमेकांत मिसळतात तेव्हा एकाचे थर उभे तर दुसऱ्याचे आडवे, अशी विजोड स्थिती असते, आणि त्या सांध्यावर नवे दोष उमटतात. अमेरिकेतील व्हाइट आणि झिमर यांनी सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या आरंभी मेसोफेजमधील या सांध्यांचे नकाशे चिकाटीने काढले आणि त्यांत यू व वायची अर्धी रूपे तसेच बळ एकची पूर्ण रूपे, दोन्ही सर्वत्र विखुरलेली असतात असे दाखवले.

हे सारे डोळ्यांना दिसते कसे, तेही सांगितले पाहिजे. कोकचा तुकडा रेझिनमध्ये बसवून घासतात, ॲल्युमिनाच्या भुकटीने आरशासारखा चकचकीत करतात आणि परावर्तित ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. प्रकाशमार्गात आणखी एक जिप्समची पट्टी घातली की उघड्या डोळ्यांना केवळ राखाडी दिसणारा तो कोक रंगांनी भरून जातो. ज्या ठिकाणी थरांच्या कडा एका दिशेने आहेत तेथे पिवळा, त्या दिशेला काटकोनात आहेत तेथे निळा, आणि जेथे थर सपाट पडले आहेत किंवा मांडणीच नाही तेथे जांभळा रंग येतो. पट्टी काढून ध्रुवक व विश्लेषक, म्हणजे प्रकाशाची दिशा गाळणाऱ्या दोन्ही चकत्या, एकमेकींना आडव्या धरल्या की दोषाच्या बिंदूतून काळे झुपके फुटलेले दिसतात: अर्ध्या दोषातून दोन, पूर्ण दोषातून चार. दोन्ही चकत्या एकत्र फिरवल्यावर झुपके त्याच दिशेने फिरले तर दोष धन, उलट फिरले तर ऋण. ही चाचणी इतकी सोपी आहे की महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ती करता यावी.

आता पुन्हा भिलाईच्या ओव्हनकडे वळले पाहिजे. कोक ओव्हन म्हणजे विटांची एक अरुंद, उंच खोली असते. लांबी चौदा-पंधरा मीटर, रुंदी अर्ध्या मीटरच्या आत, आणि उंची भिलाईच्या जुन्या बॅटऱ्यांमध्ये ४.३ मीटर तर नंतरच्या बॅटऱ्यांमध्ये ७ मीटर. अशा अनेक खोल्या ओळीने असतात त्या रांगेला बॅटरी म्हणतात, आणि शेजारच्या भिंतींच्या पोकळीत वायू जाळून त्यांना दोन्ही बाजूंनी उष्णता दिली जाते. कोळशात हवा जाऊ दिली जात नाही, त्यामुळे तो जळत नाही, भाजला जातो. भिंतीलगतचा कोळसा आधी तापतो, मऊ होतो, पुन्हा घट्ट होऊन कोक बनतो, आणि हा मऊ थर, ज्याची जाडी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर असते, दोन्ही भिंतींकडून खोलीच्या मध्याकडे सरकत जातो. सारा घाणा कोक होण्यास सोळा ते वीस तास लागतात, शेवटी तापमान हजार अंशांच्या वर गेलेले असते, आणि मग पुशर यंत्राचा दांडा तो लालबुंद गठ्ठा दुसऱ्या दारातून बाहेर ढकलतो. मात्र कोळशाच्या कोणत्याही एका कणाच्या वाट्याला ती मऊ अवस्था येते फक्त अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात मेसोफेज जन्मतो, वाढू लागतो आणि दोष निस्तरण्याची उसंत मिळण्याआधीच थिजतो. म्हणून भट्टीच्या कोकचे पोत पच्चीकारीसारखे, ज्याला मोझॅइक म्हणतात तसे, एकदोन मायक्रॉनपासून थोड्या मोठ्या आकाराच्या रंगीत कणांनी भरलेले दिसते आणि जवळपास प्रत्येक कणाच्या कडेला एखादा दिशादोष असतो.

कोरब्याच्या कोळशाचे कोडे येथे सुटते. ज्या कोळशाचे रेणू तापवल्यावर पुरेसे सुटे होत नाहीत, किंवा प्राणवायूच्या बंधांमुळे लवकरच एकमेकांशी आडवेतिडवे जखडले जातात, त्यांना एकमेकांवर रचण्याची संधीच मिळत नाही. त्यात मेसोफेज होत नाही आणि उरतो तो सर्व दिशांनी सारखा, सूक्ष्मदर्शकाखाली नुसता जांभळा दिसणारा कार्बन. गोंडवनी कोळशांत शिवाय इनर्टिनाइट नावाचा, मुळात न वितळणारा घटक बऱ्याच प्रमाणात असतो. झरियाचा आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचा कोळसाही पर्मियन कालखंडातील गोंडवनीच आहे, पण त्याची परिपक्वता योग्य पायरीवर येऊन थांबलेली आहे. भारतीय कोकिंग कोळशाची अडचण त्याच्या राखेची आहे, जी धुतल्यानंतरही सतरा-अठरा टक्क्यांच्या खाली सहजी येत नाही, तर आयात कोळशात ती नऊ-दहा टक्के असते. ओव्हनमध्ये घालण्याचा कोळसा म्हणून अनेक कोळशांचे मिश्रण, कारखान्याच्या भाषेत ब्लेंड, असतो, आणि ब्लेंड ठरवणारा अभियंता, त्याच्या मनात तसे असो वा नसो, दिशादोषांची घनताच ठरवत असतो.

त्या घनतेचा हिशेब झोतभट्टी वसूल करते. झोतभट्टीत कोकची कामे तीन: उष्णता देणे, खनिजातील प्राणवायू काढून घेणारा वायू पुरवणे आणि वरच्या शेकडो टनांचा भार झेलत वायूला वाट मोकळी ठेवणे. पहिली दोन कामे काही अंशी भुकटी कोळसा फुंकून भागवता येतात; तिसरे काम कोकखेरीज कोणी करू शकत नाही, कारण भट्टीच्या खालच्या भागात खनिज वितळल्यावर घन म्हणून एकटा कोकच शिल्लक असतो. भिलाईची आठवी झोतभट्टी, ‘महामाया’, २०१८च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिचे घनफळ ४०६० घनमीटर आहे, आणि भट्टी जितकी मोठी तितका कोक बळकट लागतो. हे बळ मोजण्याची सर्वमान्य चाचणी अशी: वीसेक मिलिमीटर आकाराचे २०० ग्रॅम कोकचे तुकडे ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात ठेवतात, किती टक्के वजन घटले ते मोजतात, मग उरलेले तुकडे नळकांड्यात ६०० फेरे फिरवून किती टक्के शाबूत राहिले ते पाहतात. पहिला आकडा जितका कमी आणि दुसरा जितका जास्त तितका कोक चांगला. मोठ्या भट्ट्यांना दुसरा आकडा साठ-पासष्टच्या वर हवा असतो.

या चाचणीत जे दिसते ते रूढ समजुतीला धक्का देणारे आहे. मांडणी नसलेला जांभळा कार्बन कार्बन डायऑक्साइडमध्ये भराभर झिजतो, ही गोष्ट अपेक्षितच आहे. परंतु म्हणून मांडणी जितकी निर्दोष तितका कोक भट्टीसाठी उत्तम, असे मात्र होत नाही. थर लांबच लांब, एका दिशेने वाहत गेलेले असले तर त्यांच्या मधून तडा विनासायास धावत जातो; मोझॅइक पोतात प्रत्येक कणाची दिशा वेगळी असल्याने तड्याला पावलोपावली वळावे लागते आणि तो लवकर दमतो. भट्टीच्या कोकला म्हणून द्रवस्फटिकाची अवस्था हवी असते, पण ती पुरती शिस्तीला लागण्याआधी थिजावी अशीही अपेक्षा असते. पडद्याच्या काचेत जो दोष कलंक ठरतो तोच येथे भार उचलतो, आणि भिलाईत निघणारे रूळ, ज्यांत १३० मीटर लांबीचे एकसंध रूळही आहेत, ज्या लोखंडापासून होतात ते लोखंड या गोठलेल्या दोषांच्या आधारावरच वितळलेले असते.

त्याच ओव्हनमधून निघणाऱ्या डांबराची कथा मात्र नेमकी उलट आहे. कोरड्या कोळशाच्या तीन-चार टक्के डांबर वायूबरोबर बाहेर पडते आणि ते थंड करून गोळा केले जाते. ऊर्ध्वपातनाने नॅप्थालीन वगैरे काढल्यावर त्यातला जवळपास निम्मा भाग पिच म्हणून उरतो. या पिचमध्ये धुरासारखे अतिसूक्ष्म घन कण असतात. ते मेसोफेजच्या गोलकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत, आणि परिणामी कोक बारीक मोझॅइकाचा होतो. हे कण काढून टाकले, पिच सावकाश तापवला आणि थिजण्याच्या सुमारास निसटणाऱ्या वायूंनी त्याला एका दिशेने ओढले, तर दोष एकमेकांना गिळून नाहीसे होतात आणि लांब तंतूंचा सुई कोक मिळतो. त्याला तीन हजार अंशांच्या आसपास तापवले की थर ग्रॅफाइटच्या ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर येऊन बसतात. उलट ज्या कोकमध्ये दिशादोष दाट आहेत तो कितीही तापवला तरी पुरता ग्रॅफाइट होत नाही, कारण दोषाभोवती वाकलेला थर सरळ करायला उष्णता पुरी पडत नाही. विद्युत भट्टीचे भलेमोठे इलेक्ट्रोड सुई कोकचे होतात. असे इलेक्ट्रोड करणारे कारखाने नाशिकला आणि भोपाळजवळ मंडीदीपला आहेत, आणि त्यांना लागणारा उत्तम सुई कोक मुख्यतः परदेशातून येतो. मेसोफेज पिचचे धागे ओढून कार्बन तंतू करण्याची युक्ती अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लेनर्ड सिंगर यांनी सत्तरच्या दशकात सिद्ध केली. त्या तंतूंतही थर केंद्रापासून किरणांसारखे पसरले, म्हणजे मधोमध धन एक बळाचा दोष राहिला, तर पुढे तापवताना तंतू एका बाजूने उकलतो; तो उकलू नये म्हणून पिच ज्या छिद्रातून ओढला जातो त्यातच प्रवाह ढवळून दोषाची जागा मोडावी लागते.

भारतातील पोलाद कारखान्यांचे डांबर बहुतांशी ॲल्युमिनियमच्या उद्योगासाठी बांधणारा पिच म्हणून आणि तत्सम कामांसाठी जाते. त्यातून सुई कोक करणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही, मात्र त्यासाठी दिशादोषांचा अभ्यास करणारी माणसे कोक ओव्हनच्या जवळ असावी लागतात. भिलाईत आय.आय.टी. आहे, दुर्गला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि चंद्रशेखर ज्या विद्यापीठात शिकले ते लोहमार्गाने काही तासांवर आहे. तरीही आपल्याकडे पदव्युत्तर वर्गात द्रवस्फटिक शिकवताना उदाहरण दिले जाते ते पडद्याचेच, आणि कोक शिकवताना द्रवस्फटिकाचा उल्लेखही सहसा होत नाही. नागपूर, गोंदिया आणि दुर्ग येथील भौतिकशास्त्र व धातुशास्त्राच्या विभागांनी भिलाईच्या कोकचा एक तुकडा मागवावा, तो घासून चकचकीत करावा आणि आपल्याकडील ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली विद्यार्थ्यांना दाखवावा. त्यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज नाही.